पाकिटावर ब्लूबेरी, कपात नुसतं आंबट: कॉफीतली आपली आवड कशी ओळखावी

देवगडच्या एका ताईंचा प्रश्न आहे. त्या वर्षभर स्पेशालिटी कॉफी, म्हणजे चाखून निवडलेली वरच्या दर्जाची कॉफी, मागवतात आणि घरी कागदी फिल्टरवर करतात. पाकिटावर कधी ब्लूबेरी, कधी जुई, कधी स्टोन फ्रूट लिहिलेलं असतं. त्यांना यातलं काहीच लागत नाही, कॉफी नुसती आंबट लागते. घरात बाकी सगळ्यांना जायफळ घातलेली दुधाची कॉफीच आवडते. त्या विचारतात, "माझ्या जिभेतच काही खोट आहे का? आणि चांगल्या कॉफीत नेमक्या कुठल्या नोट्स, म्हणजे चवी-वासाच्या छटा, आवडायला हव्यात?"

ताई, दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण ते छोटं आहे: कुठल्याच नाहीत. नोट ओळखता येणं आणि ती आवडणं या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांची सरमिसळ झाली की माणूस स्वतःच्या जिभेवर शंका घ्यायला लागतो. पहिल्या प्रश्नाला मात्र वेळ द्यावा लागेल.

मी कुडाळला कॉफी भाजतो. कपिंग, म्हणजे कॉफी ठरलेल्या पद्धतीने चाखून तपासणं, हा माझ्या रोजच्या कामाचा भाग आहे आणि पाकिटावरच्या त्या तीन शब्दांच्या ओळी मीही लिहितो. ती ओळ कशी तयार होते ते सांगितलं तर बरंचसं कोडं सुटेल. भाजल्यानंतर टेबलावर कप मांडतो. प्रत्येकात ८.२५ ग्रॅम जाडसर दळलेली कॉफी आणि त्यावर १५० मिलि पाणी, ९३ अंश सेल्सिअसच्या आसपास. चार मिनिटांत वर एक जाड थर येतो. नाक कपाच्या अगदी जवळ नेऊन तो थर चमच्याने मोडायचा, त्या क्षणी जो वास उसळतो तो घ्यायचा. मग फेस काढून टाकायचा, कॉफी थोडी निवली की चमच्याने सुर्रकन ओढायची, म्हणजे ती तोंडभर उडते. जे आठवेल ते वहीत लिहायचं. टेबलाभोवतीच्या दोघातिघांच्या वहीत जे सारखं निघतं ते पाकिटावर जातं. म्हणजे पाकिटावर असतं ते त्या दोघातिघांना त्या पाण्यात, त्या तापमानाला काय आठवलं ते. तुमच्या कपात तेच निघेल याची हमी ती ओळ देत नाही. आणि कॉफीत ब्लूबेरी घातलेली असते असंही नाही. हे मुद्दाम सांगतो, कारण तसं समजणारे बरेच जण भेटतात.

आता जिभेचं. जिभेला गोड, आंबट, खारट, कडू आणि उमामी एवढंच कळतं. तुम्हाला आंबट कळतं आहे, म्हणजे तिचं काम ठीक चाललं आहे. ब्लूबेरी, जुई, गूळ, जायफळ हे सगळं नाकाचं काम, आणि तेही पुढून हुंगायचं नव्हे. घोट गिळल्यावर श्वास सोडताना घशामागून जो वास वर नाकात जातो, त्याला आपण चव म्हणतो. पुढच्या वेळी घरी जायफळाची कॉफी होईल तेव्हा करून बघा. नाक दोन बोटांनी घट्ट दाबा आणि एक घोट तोंडात घोळवा. गोड लागेल, मागे किंचित कडू, दुधाचा दाटपणा. जायफळ कुठेही नसेल. घोट गिळा, नाक सोडा आणि श्वास बाहेर टाका. त्या एका श्वासात जायफळ सगळं एकदम येतं. हे एकदा अनुभवलं की नोट्स कुठे शोधायच्या ते कळतं: घोट घेताना नव्हे, गिळल्यानंतरच्या श्वासात. बहुतेक लोक गरम कॉफी घाईने पितात आणि लगेच दुसरा घोट घेतात, त्यामुळे ही जागाच त्यांच्या हातून निसटते.

भाजलेल्या कॉफीत वासाची आठशेहून जास्त संयुगं सापडलेली आहेत. त्यातलं एक म्हणजे फ्युरानिओल. एकटं हुंगलं तर जळवलेल्या साखरेसारखं, थोडं स्ट्रॉबेरीसारखं वाटतं. हेच फ्युरानिओल हापूसच्या वासातलं एक महत्त्वाचं संयुग आहे. म्हणजे देवगडात राहणाऱ्या माणसाचं नाक या वासाला दरवर्षी एप्रिल-मे महिन्यात भेटत असतं. स्टोन फ्रूट म्हणजे पीच, जर्दाळू वगैरे. त्यांच्या वासामागे लॅक्टोन गटातली संयुगं असतात, आणि हापूस पिकताना त्यातही लॅक्टोन वाढतात. तेव्हा पीच खाल्लं नाही म्हणून स्टोन फ्रूट कळणार नाही असं अजिबात नाही. अडचण एवढीच आहे की कपात हा वास एकटा नसतो. त्याच्याबरोबर भाजका, धुरकट, लवंगेकडे झुकणारा, गंधकाच्या अंगाचा असे कितीतरी वास एकाच वेळी येतात. डबलबारीच्या भजनात पखवाज, झांज आणि पेटी एकत्र चालू असताना पेटीचा एखादा सूर धरायचा तर तो आधी कधीतरी सुटा ऐकलेला असावा लागतो, तसंच हे आहे. सवयीने जमतं, जन्मजात देणगी लागत नाही.

तरीही माणसामाणसांत फरक असतोच. १९३१ साली आर्थर फॉक्स नावाच्या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत पीटीसी नावाची पूड हवेत उडाली. शेजारच्या सहकाऱ्याला ती जहर कडू लागली, फॉक्सना काहीच लागली नाही. पुढे कळलं की हा फरक आनुवंशिक आहे. वासांच्या बाबतीतही असंच आहे. एखादा वास एकाला तीव्र येतो, दुसऱ्याला जवळजवळ येतच नाही. त्यामुळे माझ्या पाकिटावरची जुई तुम्हाला कधीच लागली नाही, तरी त्यात कमीपणा नाही.

आता त्या आंबटपणाकडे येतो, कारण खरी तक्रार तीच आहे, आणि माझा अंदाज असा की ती निम्म्याहून जास्त पाण्याची आणि दळणाची आहे.

कॉफीतून पाण्यात आधी आम्लं उतरतात, गोडवा देणारे घटक त्यामागून आणि कडवट, तुरट भाग सगळ्यात शेवटी. दळण जाड असेल किंवा पाणी पुरेसं गरम नसेल, तर आम्लं कपात येतात आणि गोडवा फिल्टरमध्येच राहतो. अशी कॉफी जबड्याच्या कडांना झोंबते आणि गिळल्यावर मागे काहीच ठेवत नाही, नुसतं पाणी प्यायल्यासारखं वाटतं. हिला मी कच्ची म्हणतो. उलट, नीट उतरलेल्या कॉफीचा स्वतःचा आंबटपणा गोडाबरोबर येतो, रसदार वाटतो आणि तोंडाला पाणी सुटतं. १५ ग्रॅम कॉफीला २४० मिलि पाणी घ्या, उकळून लगेच ओता, आणि सगळं पाणी खाली उतरायला तीन मिनिटं लागतील इतकं दळण बारीक करा. दोन मिनिटांच्या आत उतरत असेल तर अजून बारीक. चार-पाच मिनिटं लागून कडवट, तुरट होत असेल तर जरा जाड. हे जमेपर्यंत कुठल्याही कॉफीबद्दल आवडली-नावडली ठरवू नका.

पाण्याचा विषय आपल्याकडे फारसा कुणी काढत नाही, पण कोकणात तो काढायलाच हवा. जांभ्याच्या पट्ट्यातल्या विहिरींचं पाणी बहुतेक ठिकाणी मऊ असतं, त्यात विरघळलेले क्षार कमी. प्यायला गोड, डाळ झटकन शिजते. कॉफीत मात्र त्याचा वेगळा परिणाम होतो. पाण्यातलं बायकार्बोनेट आम्लाला थोडं मारतं, ते जवळजवळ नसेल तर कॉफीतलं प्रत्येक आम्ल उघडं पडतं. जी कॉफी बेंगळुरूच्या बोअरिंगच्या पाण्यात सपाट लागेल, तीच सावंतवाडीच्या विहिरीच्या पाण्यात टोकदार लागते. खाडीकाठच्या वाड्यांत याच्या उलट, पाणी मचूळ, त्यात मीठ आणि कठीणपणा दोन्ही. तिथे फळांच्या नोट्स दबून जातात आणि कितीही चांगली कॉफी आणली तरी ती एकसुरी लागते. स्पेशालिटी कॉफी असोसिएशन या कॉफी व्यवसायाच्या संस्थेने कॉफीसाठी सुचवलेला पाण्याचा कठीणपणा लिटरला ५० ते १७५ मिलिग्रॅम आहे आणि अल्कता, म्हणजे आम्ल मारायची ताकद, साधारण ४०. आपल्या बऱ्याच विहिरी या दोन्हींच्या खाली पडतात. आरओ बसवलेला असेल तर पाणी आणखीच रिकामं होतं.

यावर स्वस्त उपाय आहे. एक लिटर पाण्यात एक ग्रॅम खायचा सोडा विरघळवून बाटलीत ठेवा. कॉफीसाठी एक लिटर पाणी घ्याल तेव्हा त्यात या बाटलीतलं ५० मिलि घाला. त्यापेक्षा जास्त नको, नाहीतर कॉफी खडूसारखी लागेल. तीच कॉफी एकदा साध्या पाण्यात आणि एकदा या पाण्यात करून दोन कप शेजारी ठेवा. माझ्याकडे कॉफी आंबट लागते म्हणून येणाऱ्या लोकांना मी पहिल्यांदा हेच करायला सांगतो. बऱ्याच जणांचा प्रश्न इथेच संपतो आणि त्यांच्या लक्षात येतं की आंबट कॉफी त्यांना आवडत नाही असं नव्हतंच.

हे करूनही आंबटपणा नको वाटला तर ती आवड समजा, आणि मग कॉफी बदला. हलक्या भाजणीत सायट्रिक (लिंबातलं) आणि मॅलिक (सफरचंदातलं) आम्ल बऱ्यापैकी शिल्लक असतं. भाजणी पुढे गेली की ते कमी होत जातं आणि कडवटपणा वाढतो. साधारण १९६ अंशांना दाणा पहिल्यांदा तडतडतो. त्यानंतर लगेच उतरवलेली कॉफी आणि दुसऱ्या तडतडीच्या तोंडावर उतरवलेली कॉफी, दाणा एकच असला तरी कपात दोन वेगळ्या वस्तू होतात. मध्यम भाजणी म्हणजे तडजोड असं काही लोक मानतात, मला ते पटत नाही. आपल्याकडच्या कित्येक दाण्यांचा गोडवा तिथेच सगळ्यात चांगला उघडतो.

आंबट, तुरट आणि कडू या तिघांची गल्लत फार होते, तेव्हा एका दुपारी हा सराव करा. चार पेल्यांत पाणी घ्या आणि प्रत्येकात थोडी साखर घाला. एकात लिंबू पिळा, दुसऱ्यात चिंचेचा कोळ, तिसऱ्यात आमसूल भिजवलेलं पाणी, चौथ्यात ताकाची निवळी. घोट घोट घेऊन बघा. लिंबाचं सायट्रिक आम्ल चटकन पुढे येतं आणि चटकन जातं. चिंचेचं टार्टारिक खोल जातं आणि रेंगाळतं. कोकमाचं हायड्रॉक्सिसायट्रिक आम्ल मला या दोघांच्या मधलं वाटतं, मागे हलकासा तुरटपणा ठेवणारं. ताकातलं लॅक्टिक मऊ, जिभेवर पसरणारं. आता काजूचं बोंडू आठवा. त्याचा रस आंबटगोड असतो, पण घशाला जी पकड बसते ती आंबटपणाची नाही. ती टॅनिनची, लाळेतल्या प्रथिनांना धरून ठेवणारी, आणि चवीपेक्षा स्पर्शाच्या जातीची. कॉफी पिऊन जीभ खरखरीत, कोरडी पडली तर ती तुरट आहे, आंबट नव्हे, आणि त्यावरचा उपाय बरोबर उलटा: दळण जाड करा. धुतलेल्या, म्हणजे वॉश्ड पद्धतीच्या कॉफीत बहुधा सायट्रिक आणि मॅलिक ठळक असतं. बंद पिंपात आंबवलेल्या ॲनारोबिक कॉफीत ताकाच्या जातीचा आंबटपणा पुष्कळदा जाणवतो. व्हिनेगरचं ॲसेटिक आम्ल थोडं असेल तर कॉफी जिवंत वाटते, जास्त झालं की नाकात जातं.

पाकिटावरच्या परक्या फळांबद्दल दोन शब्द. कॉफीवाले ज्या चवींच्या चक्राकडे बघून लिहितात ते पहिल्यांदा १९९५ साली निघालं आणि २०१६ साली वर्ल्ड कॉफी रिसर्च या संस्थेच्या शब्दसंग्रहावरून नव्याने बेतलं गेलं. ते अमेरिकेत तयार झालं, त्यामुळे त्यात ब्लॅकबेरी, रास्पबेरी, मेपल सिरप आहे. आंबा, फणस, कोकम, काजू नाही. पण अननस, नारळ, डाळिंब, लवंग, दालचिनी आणि जायफळ त्या चक्रावर आहेत. तुमच्या घरची सगळी मंडळी ज्या वासावर प्रेम करतात तो जगभरच्या कॉफी चाखणाऱ्यांच्या यादीत बसलेला आहे. म्हणजे घरची नाकं तयारच आहेत.

फक्त एक सांभाळा. ब्लूबेरीच्या जागी जांभूळ आणि पीचच्या जागी आंबा असा सरळ बदल करू नका. रंग जांभळा आहे म्हणून जांभूळ ब्लूबेरीच्या जागी बसत नाही. जांभळाची ओळख त्याच्या तुरटपणात आहे, आणि कॉफीतली ब्लूबेरी म्हणजे फळासकट वाळवलेल्या नॅचरल कॉफीचा गोड, किंचित आंबूस, पिकलेला वास. आपल्याकडे त्याच्या जवळ जायचं तर मला पूर्ण पिकलेली करवंदं भांड्यात थोडा वेळ झाकून ठेवल्यावर झाकण उघडताच जो वास येतो तो जवळचा वाटतो. फणसाचं उदाहरण आणखी स्पष्ट आहे. फणसाच्या वासात आयसोअमाइल ॲसिटेट असतं, केळ्याच्या वासामागचं एस्टर तेच. आंबवण जास्त झालेल्या कॉफीत असेच एस्टर वाढतात. म्हणून काही ॲनारोबिक कॉफ्या हुंगल्या की मला थेट बरक्या फणसाची आठवण होते. पाकिटावर तिथे बनाना किंवा ट्रॉपिकल असं काही लिहिलेलं असतं. तुम्ही तुमच्या वहीत बेलाशक बरका लिहा. जुईबद्दल मात्र काहीच बदलायला नको. जुई, मोगरा आपल्या अंगणातले. कॉफीत तो वास लिनालूलसारख्या संयुगांमुळे येतो आणि फार नाजूक असतो. दळल्याबरोबर कोरड्या पुडीत हुंगला तर मिळतो, गरम पाणी पडल्यावर बऱ्याचदा निसटतो.

वासाची आठवण वाढवायची तर महागड्या कुप्यांची गरज नाही. ३६ वासांची एक फ्रेंच पेटी मिळते, ती व्यवसायासाठी चांगली आहे. घरात मिरी, दालचिनी, जायफळ, जायपत्री, भाजलेला काजू, भाजलेलं खोबरं, काळा गूळ, मध, वाळलेली बकुळीची फुलं एवढं डब्यांत असतं. डोळे मिटून कुणाला तरी एकेक डबा नाकाखाली धरायला सांगा. जायफळ आणि जायपत्री वेगळे सांगता आले की समजा नाक चांगलं चालतं आहे.

आता आवडीचं. २०२३ साली स्पेशालिटी कॉफी असोसिएशनने कॉफी तपासायची नवी पद्धत पुढे आणली. जुन्या पद्धतीत वर्णन आणि गुण एकाच कागदावर होते, शंभरपैकी ८० मिळाले की कॉफी स्पेशालिटी. नव्या पद्धतीत वर्णनाचा कागद वेगळा केला आणि आवडीचा वेगळा. पहिल्यावर फक्त काय आहे ते लिहायचं: आंबटपणा किती, फळाचा वास की सुक्या मेव्याचा. दुसऱ्यावर तुम्हाला ते किती चांगलं वाटलं ते १ ते ९ मध्ये. माझ्या मते या धंद्यात बऱ्याच वर्षांत झालेली ही सगळ्यात प्रामाणिक सुधारणा आहे. एखाद्या कॉफीत तीव्र बरका आहे हे दोघांनाही मान्य असेल, एक तिला नऊ देईल, दुसरा तीन, आणि दोघंही बरोबर.

माझी स्वतःची आवड उघड सांगतो, म्हणजे माझा कल वजा करून तुम्हाला माझं म्हणणं घेता येईल. मला चिकमगळूरकडची वॉश्ड एस-७९५ मध्यम भाजणीवर सगळ्यात प्रिय आहे. ही जात बाळेहोन्नूरच्या संशोधन केंद्रातली, एस-२८८ आणि केंट यांच्या संकरातून आलेली. तिच्यात काळा गूळ, चिंचेच्या जवळ जाणारा खोल आंबटपणा आणि मागे मसाल्याचा हलका वास मिळतो. रोज सकाळी प्यायला मला तीच हवी. सिलेक्शन ९ या दुसऱ्या भारतीय जातीत इथिओपियाच्या टाफारिकेला जातीचं रक्त आहे. ती फुलांकडे, लिंबाकडे झुकते, दुपारी तीही आवडते. जोरकस ॲनारोबिक मला एका कपापुढे जात नाही. पिंपातल्या आंबवणाचा वास इतका वर येतो की बाग कुठली, जात कुठली, काहीच कळत नाही. पण माझ्याकडे येणाऱ्या तरुण मंडळींपैकी कित्येकांना कॉफीची गोडी लागली ती अशाच एखाद्या कपामुळे, आणि त्यांचा तो आनंद खरा आहे. (गिऱ्हाइकं विचारतात म्हणून सांगतो: रत्नागिरी इस्टेट नावाची नावाजलेली बाग आहे, पण ती कर्नाटकात. आपल्या किनारपट्टीची उंची अरेबिका प्रकारच्या कॉफीला पुरत नाही.)

स्वतःची आवड शोधायला आधी फरक कळतो का ते तपासा. तीन सारखे कप घ्या. दोघांत एक कॉफी, तिसऱ्यात दुसरी, बुडाला खूण. घरातल्या कुणीतरी कपांची जागा बदलावी आणि तुम्ही वेगळा कप शोधावा. कप टेस्टर्स नावाची जागतिक स्पर्धा याच पद्धतीने होते, अशी आठ त्रिकुटं आठ मिनिटांत ओळखायची असतात. नुसत्या अंदाजानेही तीनात एकदा बरोबर येतं, म्हणून चार-पाच वेळा करा. फरक कळायला लागला की मग दोन कॉफ्या शेजारी ठेवून नाश्त्याबरोबर प्या आणि नोट्स विसरा. कुठला कप आधी रिकामा झाला तेवढं लिहा. तारखेपुढे तीन-चारच गोष्टी: आंबटपणा कमी-जास्त, कडूपणा, दाटपणा, आंबवलेला वास आहे की नाही. फळाचं नाव सुचलं तर लिहा, नाही सुचलं तर सोडून द्या. पंधरा-वीस नोंदी झाल्या की वहीच सांगेल. आणि कॉफी गरम, कोमट आणि गार अशी तिन्ही वेळा प्या. कपिंगमध्येही गोडवा बघायची वेळ कॉफी अंगाच्या उष्णतेखाली आली की येते. आपल्याकडे कोमट झालेली कॉफी टाकून देतात, पण फळाच्या नोट्स तेव्हाच जास्त स्पष्ट होतात.

घरच्यांच्या जायफळाच्या कॉफीला मी कमी लेखणार नाही. दूध, साखर, जायफळ ही जुळणी आपल्या हळदीकुंकवापासून कोजागिरीपर्यंत सगळीकडे आहे, आणि तिला कुठली कॉफी साजते याचंही शास्त्र आहे. दुधातली प्रथिनं तुरट घटकांना धरून ठेवतात आणि स्निग्धता नाजूक वास गिळून टाकते. म्हणून तिथे आंबट, फुलांची कॉफी वाया जाते. हवी ती कोको, भाजलेले दाणे, मसाला या अंगाची. चांगली धुतलेली रोबस्टा (कॉफीचा जास्त कडक, दाट प्रकार) घ्या, किंवा मान्सून्ड मलबार, तिच्याबद्दल पुढे सांगतो. पाकिटावर चिकोरीचं, म्हणजे कॉफीत मिसळतात त्या भाजलेल्या मुळाच्या पुडीचं, प्रमाणही बघा. कायद्याने मिश्रणात कॉफी किमान ५१ टक्के लागते, म्हणजे उरलेली जवळजवळ निम्मी चिकोरी असू शकते. दाटपणासाठी थोडी चिकोरी मला चालते, निम्मी नाही.

मान्सून्ड मलबार तर किनाऱ्याचीच कॉफी. शिडाच्या जहाजांच्या काळी आपल्या किनाऱ्यावरून निघालेली कॉफी आफ्रिकेला वळसा घालून युरोपात पोचायला महिनोन्महिने लागत. लाकडी तळघरात दमट हवा खाऊन दाणे फुगत, पिवळट होत, आंबटपणा निघून जाई. पुढे १८६९ मध्ये सुएझ कालवा उघडला, आगबोटी आल्या, कॉफी ताजी पोचायला लागली, आणि तिथल्या लोकांना ती रुचेना. त्यांच्या जिभेला जुनीच सवय झाली होती. म्हणून मंगळूरच्या किनाऱ्यावर पावसाळ्यात, जून ते सप्टेंबर, वाळवलेली कॉफी उघड्या बाजूंच्या गोदामात चार-सहा इंचांच्या थरात पसरून, वरखाली करून, वारा लागेल अशा सैल पोत्यांत भरून मुद्दाम तशी करायला लागले. २००८ साली तिला भौगोलिक मानांकन मिळालं. चवीला मातकट, मसालेदार, दाट, आंबटपणा जवळजवळ शून्य. काळी पिताना काहींना तो ओलसर लाकडाचा वास सहन होत नाही. दूध आणि जायफळाबरोबर मात्र मला तिच्याइतकी चांगली दुसरी सापडलेली नाही.

हीच दमट हवा भाजलेल्या कॉफीची मात्र वैरी आहे. भाजलेल्या दाण्यात पाणी फारच थोडं उरतं आणि आपल्या आषाढात तो डबा उघडल्याबरोबर ओलावा ओढायला लागतो. पावसाळ्यात एका वेळी १०० ग्रॅमच उघडा, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, लागेल तेव्हाच दळा. फ्रिजमध्ये बांगड्याच्या शेजारी तर मुळीच ठेवू नका, कॉफी आसपासचे वास झपाट्याने पकडते.

तुमच्यासाठी पुढची खरेदी अशी सुचवतो. एकाच बागेची, शक्यतो एकाच जातीची, मध्यम भाजणीची दोन छोटी पाकिटं घ्या, एक वॉश्ड आणि एक नॅचरल. मग दोन कपांत फरक राहील तो फक्त फळ सोलून धुतलं की सालीसकट वाळवलं याचा, आणि तो फरक तुमच्या नाकाला नक्की कळेल. विकणाऱ्याला नोट्स विचारू नका. भाजल्याची तारीख, पद्धत आणि भाजणी विचारा, आणि सांगा की मला झोंबणारा आंबटपणा नको, गोडवा हवा. जाणकार असेल तर एवढ्यावर तो बरोबर पाकीट काढून देईल. घरच्यांसाठी मान्सून्ड किंवा रोबस्टाचं वेगळं पाकीट घ्या, जायफळ त्यात किसा. आणि नॅचरल नाही आवडली तरी ती दुधात ढकलू नका. दुधात ती नासल्यासारखी लागते. बर्फावर गार करून प्या, किंवा माझ्यासारख्या कुणालातरी देऊन टाका.